थोडी थोडी मराठी येते: दवाखान्यात दुभाष्याची सोय कशी लावावी

"मराठी येते का?" असं सरकारी दवाखान्यात विचारलं की जवळजवळ प्रत्येक पेशंट "हो" म्हणतो. केसपेपरच्या खिडकीवर मागे वीस माणसं उभी असतात, आतला माणूस घाईत असतो, अशा वेळी "नाही" कोण म्हणेल? शिवाय ते उत्तर खोटंही नसतं. बाजारात मोहफुलांचा भाव सांगण्यापुरती, एसटीचं तिकीट काढण्यापुरती मराठी येतेच. छातीत दुखतंय ते टोचल्यासारखं की दाबल्यासारखं, हे सांगायला मात्र ती पुरत नाही.

ज्याला अजिबात मराठी येत नाही त्याच्यासाठी निदान धावपळ तरी होते. वॉर्डातून कुणाला तरी हाक मारून बोलावतात. खरे घोटाळे "थोडी थोडी" येणाऱ्यांच्या बाबतीत होतात, कारण तिथे दुभाषी लागेल हे कुणाच्या मनातच येत नाही. पुढची सगळी पद्धत हा पेशंट डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे. उदाहरणं मुख्यतः मेळघाट, गडचिरोली आणि नंदुरबारकडची आहेत. मुंबईच्या ओपीडीत बिहार-बंगालकडून आलेल्या पेशंटलाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी भाषा कोणती ते नोंदवा

"मराठी येते का?" हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी विचारा, "घरात कोणती भाषा बोलता?" याला हो-नाही असं उत्तर देता येत नाही. उत्तर केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहा: कोरकू, माडिया, पावरी, भोजपुरी. रबरी शिक्का करून घेतला तर आणखी बरं. शिक्क्यात दोनच रकाने हवेत, "घरची भाषा" आणि "दुभाषी हवा / नको". सलग एक महिना अशी नोंद ठेवली की कोणत्या वारी कोणत्या भाषेचे किती पेशंट येतात ते समोर येतं. दुभाषी रोज बसवायचा की आठवडी बाजाराच्या दिवशीच, हे त्यावर ठरवा.

भाषांची जातकुळीही ठाऊक असावी. धारणी-चिखलदऱ्याची कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीची नातलग. गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया द्राविडी. या भाषा मराठी माणसाला अंदाजाने कळणं शक्यच नाही, आणि ते एका परीने बरंच आहे. नंदुरबारकडची भिली आणि पावरी, पालघरची वारली, खानदेशची अहिराणी या मराठी-गुजरातीच्या जवळच्या. त्या ऐकताना दहातले सहा शब्द कळतात आणि उरलेले चार आपण मनानेच भरतो. त्या चारांत दुखणं असतं.

मेळघाटात आणखी एक पदर आहे. तिथल्या अनेकांची दुसरी भाषा मराठी नसून हिंदी असते. म्हणजे पेशंट कोरकूत विचार करणार, हिंदीत बोलणार, सिस्टर ते मराठीत ऐकणार आणि डॉक्टर इंग्रजीत लिहिणार. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून धारणीला, पुढे अमरावतीला आणि शेवटी नागपूरला असा पेशंट वर वर जातो, तसतशी त्याची भाषा बोलणारी माणसं कमी होत जातात आणि आजार मात्र वाढलेला असतो. म्हणून रेफर करताना चिठ्ठीवर रक्तगटाइतकीच ठळक भाषा लिहा आणि खाली गावच्या आशाताईचा फोन नंबर द्या.

कुणाला बसवायचं

पहिली पसंती दवाखान्यातल्याच माणसाला: सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, लॅबमधला मुलगा. त्यांची भाषावार यादी मोबाइल नंबर आणि ड्यूटीच्या वेळेसह ओपीडी, लेबर रूम आणि अपघात विभाग अशा तिन्ही ठिकाणी भिंतीवर लावा. या माणसांच्या मूळ कामातून तेवढा वेळ वजा करायला हवा. नाहीतर "मावशी, जरा इकडे या" म्हणून दिवसातून पंधरा वेळा बोलावलेली मावशी चौथ्या दिवशी लघुरूपात बोलायला लागते. बाहेरची व्यक्ती रोजाने घ्यायची असेल तर विषय रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लेखी मांडा.

आशाताई गावची असते, तिच्यावर विश्वास असतो, ही जमेची बाजू. पण गावचीच असल्यामुळे गर्भपात, टीबी, एचआयव्ही किंवा नवऱ्याची मारहाण असले विषय तिच्यासमोर निघत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या गावची व्यक्ती फोनवर घ्या.

नातेवाइकाला बसवावंच लागलं तर दोन पथ्यं पाळा. बाईच्या अंगावरच्या तक्रारी नवरा, दीर किंवा सासू यांच्या तोंडून ऐकायच्या नाहीत. आणि लहान मुलाला दुभाषी करायचं नाही, मग ते आश्रमशाळेत शिकून कितीही छान मराठी बोलत असो. आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन दहा वर्षांच्या पोराने समजावणं त्या दोघांवरही अन्याय आहे, आणि पोर अवघड शब्द गाळणारच. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तर यादीतच नको.

दोन दिवसांची तालीम

दोन्ही भाषा येतात म्हणून दुभाष्याचं काम जमतं असं नाही. सहा-सहा तासांचे दोन दिवस द्या आणि त्यातला निम्मा वेळ खुर्च्या मांडून प्रत्यक्ष सराव करून घ्या. घोटून घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत.

पेशंट "मला" म्हणाला तर दुभाष्यानेही "मला"च म्हणायचं. "ती म्हणते की तिला" सुरू झालं की दुभाषी गोष्ट सांगू लागतो, आणि गोष्टीत काटछाट आपसूक होते. काही वगळायचं नाही, काही घालायचं नाही. शिवी दिली तर शिवी, "भूमकाकडे (गावच्या वैदूकडे) जाऊन आलो" म्हटलं तर तेही. दुभाष्याला वाटतं की डॉक्टर रागावतील, म्हणून तो नेमकं हेच गाळतो. मेळघाटात बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने डागतात, त्याला डंबा देणं म्हणतात. तो दिला असेल तर डॉक्टरला कळलाच पाहिजे, कारण त्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. कळलं नाही तर "थांबा, परत सांगा" म्हणायला लाजायचं नाही. आकडा ऐकला की लगेच तळहातावर किंवा चिठ्ठीवर लिहायचा. आणि खोलीतलं खोलीतच ठेवायचं.

सुरुवातीला दुभाष्याने दोन्ही भाषांत एवढंच म्हणावं: "मी तुमचं बोलणं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं तुम्हाला जसंच्या तसं सांगणार. बाहेर कुणाला सांगणार नाही. मधे थांबत थांबत बोला."

खोलीत कसं बसायचं, कसं विचारायचं

दुभाषी पेशंटच्या शेजारी, किंचित मागे. डॉक्टरने बघायचं आणि बोलायचं पेशंटशी: "आजी, तुम्हाला कधीपासून दुखतंय?" "हिला विचार गं कधीपासून दुखतंय" असं सुरू झालं की आजी गप्प बसतात आणि सगळा संवाद दोन पगारी माणसांमध्येच होतो. एका दमात एकच प्रश्न. "ताप, खोकला, वजन कमी, भूक कशी?" या चौकडीचं उत्तर शेवटच्या प्रश्नापुरतंच येतं.

सर्वात जास्त घोटाळा उलट्या प्रश्नांनी होतो.

"काही त्रास नाही ना?"
"हो."

हे "हो" म्हणजे "हो, त्रास नाही" की "हो, त्रास आहे"? मराठीभाषकांतही याचे दोन्ही अर्थ होतात. मधे दुभाषी आला की विचारायलाच नको. म्हणून "नाही ना", "होत नाही का" असले प्रश्न टाळा. "पेनिसिलिनची अॅलर्जी नाही ना?" ऐवजी "आधी कधी सुई घेतल्यावर अंगाला खाज, पुरळ, दम, यातलं काय झालं होतं?" असं विचारा.

एक सूचना स्टाफसाठी. मराठी नंतर शिकलेले अनेक आदिवासी पेशंट डॉक्टरलाही "तू" म्हणतात. आदरार्थी "तुम्ही" हा मराठीचा शिष्टाचार आहे, तो त्यांच्या बोलण्यात असेलच असं नाही. "तू गोळी दे" हा उद्धटपणा धरून बसलात तर पुढचं ऐकायचं राहून जाईल.

शब्दवही

दवाखान्याची स्वतःची शब्दवही असावी. दोनशे पानी वही, चार रकाने: पेशंट काय म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ, दुखणं काय निघालं, खात्री करायला कोणता प्रश्न विचारायचा. पहिल्या महिन्यात साठेक शब्द जमतात आणि रोजचं काम त्यावर चालू लागतं.

पहिलं पान आपल्याच मराठीचं असू द्या. बाळाला अंगावर पाजतात, दुखणं अंगावर काढतात, बाईच्या अंगावरून जातं, आणि म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं जातं. स्तनपान, दुर्लक्ष, स्राव, पक्षाघात. नागपूर-पुण्याहून आलेल्या इंटर्नलाही यातला शेवटचा पटकन कळत नाही. परक्या भाषेत शब्दशः नेला तर काय होईल? शिवाय "अंगावरून जातंय" म्हणजे पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. हाताला मुंग्या येणं, पोटात गोळा येणं, उन्हाळी लागणं, डोळे येणं, जीव घाबरा होणं हे सगळे त्याच वर्गातले.

दुसरं पान हिंदीचं. इथे शब्द ओळखीचे वाटतात म्हणूनच फसवतात:

जाँघ: हिंदीत मांडी. मराठीत जांघ म्हणजे मांडी आणि पोट यांच्यामधला सांधा. हर्निया की मांडीवरचं गळू, इतका फरक पडतो. बोट ठेवून दाखवायला सांगा.

आराम: "दवा से आराम है" म्हणजे बरं वाटतंय. मराठी कानाला वाटतं, पेशंट विश्रांती घेतोय.

खाली पेट: हिंदीत रिकाम्या पोटी. मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. मराठी पेशंटला "उपाशीपोटी, चहाही नाही" असंच सांगा.

सिर: हिंदीत डोकं. मराठी "शीर" म्हणजे रक्तवाहिनी, आणि बोलताना नससुद्धा.

कल, परसों: मागचा दिवसही आणि पुढचाही. "कल से बुखार" कळतं, पण "कल खून जाँच" म्हणजे झाली की व्हायची? आपला "परवा" तरी कुठे वेगळा? वाराचं नाव घ्या.

हात आणि पाय हे शब्द तर सगळीकडेच ढिले आहेत. "पाय दुखतो" म्हणजे कमरेखालचा कुठलाही भाग असू शकतो. दुभाष्याने भाषांतर करावंच, पण बोट पेशंटचं हवं.

"पॉझिटिव्ह" हा शब्द पेशंटपुढे वापरूच नका. चांगलं काहीतरी निघालं असं वाटतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत तर जास्तच जपा. वाहक आणि रुग्ण यांतला फरक एका वाक्यात कुठल्याच भाषेत बसत नाही. दोन मुठी दाखवून समजावता येतो: एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकच मूठ बिघडलेली असेल तर माणूस वाहक, सहसा त्याला त्रास होत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात दोन्ही बिघडलेल्या मुठी मुलाकडे जाण्याची शक्यता चारात एक. ही "चारात एक" भानगड दुभाष्याला आधी स्वतःला नीट कळली आहे का, ते तपासा. "चार पोरांत एक आजारी, तीन नक्की चांगली" असं भाषांतर हमखास होतं आणि ते चूक आहे.

औषधं आणि आकडे

चिठ्ठीवरचं १-०-१ हे ज्याने शाळा पाहिली नाही त्याला काहीच सांगत नाही. पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा, आणि त्याखाली जितक्या गोळ्या तितके गोल. अर्धी गोळी असेल तर अर्धा गोल, आणि एक गोळी समोर मोडून दाखवा.

पातळ औषधाची मात्रा २.५ मिली अशी लिहिली की टिंब पुसतं आणि पंचवीस होतात. "अडीच" अक्षरांत लिहा आणि बाटलीच्या झाकणावर किंवा सुई काढलेल्या सिरिंजवर पेनने रेघ मारून द्या. घरचा चमचा मोजमापाचा नसतो. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप दोन्हीला लोक "तापाचं पातळ औषध" म्हणतात. पण नेहमीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि १२५ च्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५, म्हणजे एका मिलीत २५. चौपट फरक. घरात आधीची बाटली आहे का, हे दुभाष्यामार्फत विचारा.

जुलाबाच्या पेशंटला ओआरएसचं एक अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. घरात लिटरचं माप नसतं, म्हणून चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात टाकली जाते. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली टेबलावर ठेवा आणि तिच्यातच कालवून दाखवा. झिंकची गोळी सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, आणि १४ दिवस. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळीही तिथेच थांबते. "जुलाब थांबले तरी द्यायची" हे वाक्य दुभाष्याने वेगळं, स्वतंत्र सांगायचं. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांचंही तेच: १८० दिवसांच्या गोळ्यांबरोबर "शी काळी होईल, घाबरू नका" हे गेलं नाही तर पाकीट आढ्यात खोचलेलं सापडतं.

कुत्रा चावल्यावरच्या लशीच्या कार्डावर ०, ३, ७, २८ असं असतं. शून्याव्या दिवसाची कल्पनाच अवघड आहे, आणि ३ म्हणजे तिसरं इंजेक्शन असाही समज होतो. चारही तारखा आणि वार लिहा, आणि तोंडी सांगताना गावच्या बाजाराच्या दिवसाशी जोडा: "बाजाराच्या आदल्या दिवशी."

सगळं सांगून झाल्यावर "कळलं का?" विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. "घरी गेल्यावर सासूबाई विचारतील, औषध कसं द्यायचं, तर त्यांना काय सांगाल?" असं विचारा. पेशंट आपल्या भाषेत सांगेल, दुभाषी ते तुम्हाला मराठीत सांगेल. जिथे चुकेल तेवढंच पुन्हा सांगा. याला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती सगळ्यांसाठी काढता येत नाहीत, पण लहान मूल, गरोदर बाई, टीबी, साखर आणि इन्सुलिन यांच्यासाठी काढायचीच.

संमती

भूल द्यायच्या आधी कागदावर अंगठा घेणं ही संमती नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजार, तपासण्या, उपचार आणि संभाव्य गुंतागुंत ही माहिती रुग्णाला कळणाऱ्या भाषेत मिळावी असं म्हटलं आहे. फॉर्म मराठीत छापलेला असला तरी ओळ ओळ दुभाष्यामार्फत सांगा. खाली "हा मजकूर ___ भाषेत समजावला" अशी ओळ, दुभाष्याचं नाव, सही आणि वेळ घ्या. अंगठा असेल तर साक्षीदार दुभाष्याहून वेगळा असावा. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला "यापुढे मूल होणार नाही" हे एवढ्याच सरळ शब्दांत गेलं पाहिजे. "पाळणा लांबवणं" वगैरे गोड शब्दांनी पुढे भांडणं होतात.

घरी न्यायचा मजकूर

छापील माहिती करायची तर उलट भाषांतराशिवाय छापायची नाही. एकाने मराठीवरून कोरकू करायचं. दुसऱ्याने, ज्याने मूळ मराठी पाहिलेलंच नाही, ते कोरकू ऐकून पुन्हा मराठीत सांगायचं. दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवले की भोकं दिसतात. मग गावातल्या पाच जणांना ऐकवा. कोरकू देवनागरीत लिहितात खरं, पण ती वाचायची सवय फार थोड्यांना असते. म्हणून कागदापेक्षा आवाज बरा. नव्वद सेकंदांच्या आत संपेल असं रेकॉर्डिंग पेशंटच्याच फोनमध्ये करून द्या: औषध कसं, काय दिसलं तर लगेच यायचं, पुढची तारीख.

मोबाइलवरची भाषांतराची सोय कामाची आहे, पण मर्यादेत. सरकारची भाषिणी ही भाषांतराची सेवा मुख्यतः राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी आहे. कोरकू, गोंडी, भिली त्या अनुसूचीत नाहीत. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली आणलेल्या आदि वाणी या भाषांतराच्या अॅपमध्ये गोंडी आणि भिली आहेत, पण गोंडी छत्तीसगडची आणि भिली मध्य प्रदेशची. भामरागडच्या माडिया आजोबांना ती कितपत कळते ते आधी तपासा. एक्स-रेची खोली कुठे, उद्या किती वाजता यायचं, एवढ्यासाठी फोन पुरतो. निदान, संमती, औषधाची मात्रा आणि वाईट बातमी यांसाठी माणूसच हवा. फोन वापरलाच तर वाक्य उलट फिरवून मराठीत काय येतं ते बघा. तीन ठिकाणी खास नजर ठेवा: नकार, आकडा आणि औषधाचं नाव. पेशंटचं नाव-गाव त्यात टाकू नका.

आई-बाबा परदेशात असतील तर

तिथे मराठीच अडचणीची भाषा होते, आणि "थोडं थोडं इंग्रजी येतं" हेच वाक्य आपल्या माणसाच्या तोंडी येतं. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलला, म्हणजे बहुतेक सगळ्याच हॉस्पिटलांना, दुभाषी मोफत द्यावा लागतो. अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर भारतीय म्हणून हिंदीचा माणूस जोडून देतात. ब्रिटनमध्ये एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, दुभाषीही पेशंटसाठी मोफत असतो. ऑस्ट्रेलियात टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषी सेवेचा फोन नंबर १३१ ४५० आहे. मुलगा-सून सोबत असले तरी दुभाषी मागा. बाबांच्या प्रोस्टेटबद्दल सुनेने बोलणं बाबांनाही नको असतं.

जाताना औषधांची यादी मूळ घटकाच्या नावाने करून न्या, ब्रँडच्या नावाने नव्हे. क्रोसिन तिथे कुणाला कळत नाही, आणि अमेरिकेत पॅरासिटामॉललाही असिटॅमिनोफेन म्हणतात. पुढच्या भेटीची तारीख महिन्याच्या नावासह लिहून मागा, कारण आपली ५ जून अमेरिकेत ६/५ अशी लिहितात.